डेमेरारा रम: आधी नाक, मग जीभ, मग लिंबू

डेमेरारा रमची बाटली हातात आली की बहुतेक जण ती उजेडासमोर धरतात आणि म्हणतात, "काय काळीभोर आहे, चांगली मुरलेली दिसते." असा निष्कर्ष काढू नका. तो रंग बराचसा कॅरमेलचा, म्हणजे साखर जाळून केलेल्या रंगाचा असतो. नुसत्या पिंपात मुरलेली रम मधाच्या रंगाची होते, फार तर तांबूस तपकिरी. कोऱ्या कॉफीइतकी काळी ती सहसा होत नाही. ही रम दक्षिण अमेरिकेतल्या गयाना देशाची, आणि ती गडदच असावी अशी ब्रिटिश गिऱ्हाइकांची फार जुनी अपेक्षा होती, त्यातून रंग घालण्याची चाल पडली आणि ती आजही टिकून आहे. त्यात फसवणूक काही नाही, पण रंगावरून वय किंवा दर्जा ठरवता येत नाही हे खरं.

पहिल्या घोटात जी गोडी लागते तिच्यावरूनही काही ठरवू नका. रंग आणि गोडी बाजूला सारली की जे उरतं ते अस्सल डेमेराराचं: ओलं लाकूड, मळी, ज्येष्ठमध. हे तिन्ही कसे शोधायचे, आणि सापडल्यावर कुठली बाटली नुसती घोट घोट प्यायची व कुठली लिंबाबरोबर वापरायची, ते इथे सांगते.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या कॉलनीत वाढले. बाबा कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट होते. गळीत हंगामात खिडक्या लावून घेतल्या तरी मळीचा वास घरात यायचाच. त्यामुळे मळी आणि काकवी यांतला फरक मला शाळेच्या आधी कळला. काकवी हा उसाचा रस आटवताना गुळाच्या अलीकडे थांबवलेला पाक. तिचा वास गोड, गरम, भूक लावणारा. मळी म्हणजे साखर काढून घेतल्यावर उरलेला काळा, दाट, खारट-कडवट द्रव. त्यात गंधकाची छटा असते, थोडी आंबूस झाकही असते. डेमेरारा रम मळीपासून होते. पुढे शिकून मी इंग्लंडला आले आणि आता लीड्सच्या एका फूड लॅबमध्ये काम करते. इथे डेमेरारा रम साध्या दुकानातही मिळते, आणि तिच्यात मला तो कॉलनीतला वास ओळखू येतो, त्याच्या जोडीला आणखी बरंच काही.

लाकूड येतं कुठून

डेमेरारा ही गयानातली नदी. जॉर्जटाऊन शहर तिच्या मुखाशी आहे. या किनाऱ्यावर उसाचे मळे होते आणि जवळपास प्रत्येक मळ्याची स्वतःची डिस्टिलरी होती. मळे एकमेकांत विलीन होत गेले, डिस्टिलऱ्या बंद पडत गेल्या, पण त्यांच्या काही भट्ट्या मोडीत निघाल्या नाहीत. त्या एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवल्या गेल्या आणि आज नदीच्या पूर्व काठावर डायमंड इथे, डेमेरारा डिस्टिलर्स लिमिटेड या कंपनीच्या आवारात एकत्र उभ्या आहेत. 'एल डोराडो' हा त्यांचाच ब्रँड; त्यातली 15 वर्षं मुरवलेली रम 1992 मध्ये बाजारात आली.

यातल्या तीन भट्ट्या लाकडी आहेत. हो, ज्या भांड्यात मद्य उकळतं ते भांडंच लाकडाचं. एनमोर मळ्याची उभी कॉफी भट्टी 1880 ची, आणि अशी लाकडी कॉफी भट्टी जगात दुसरी कुठे चालू नाही. (कॉफी हे ती शोधणाऱ्या माणसाचं आडनाव, पेयाशी संबंध नाही.) पोर्ट मोरांटची जोडभट्टी, म्हणजे एका लाकडी भांड्याची वाफ दुसऱ्या लाकडी भांड्यात जाते अशी, तिचं मूळ कंपनी 1732 पर्यंत मागे नेते. तिसरी व्हर्सायची, एकाच भांड्याची. लाकूड गयानाच्याच जंगलातलं ग्रीनहार्ट, इतकं जड की पाण्यात टाकलं तर बुडतं. फळ्या झिजल्या की बदलतात, भट्टी चालू राहते.

लाकडी भांड्याने चवीत काय फरक पडतो, ते केमिस्टच्या बाजूने सांगते. जगभर मद्याच्या भट्ट्या बहुधा तांब्याच्या असतात, कारण तांबं वाफेतली गंधकाची संयुगं धरून ठेवतं आणि मद्य स्वच्छ, हलकं होतं. लाकडी भांड्यात वाफेचा तांब्याशी संबंध वरच्या नळ्यांपुरताच येतो. त्यामुळे मळीतले जड, तेलकट, थोडे रांगडे वास मद्यात उरतात. नव्या कोऱ्या रममध्ये ते नाकाला बोचतात. पण पिंपात दहा-बारा वर्षं काढली की तेच वास ज्येष्ठमध, चामडं, तंबाखूचं पान अशा रूपात पुढे येतात. डेमेराराची ओळख इथे आहे, रंगात नाही.

पोर्ट मोरांट हे नाव मराठी क्रिकेटवेड्यांना ओळखीचं वाटेल. रोहन कन्हाय तिथलाच. बेसिल बुचर आणि जो सॉलोमनही त्याच बर्बीस भागातले. 1838 पासून कंत्राटी मजूर म्हणून जहाजातून गयानाला नेलेल्या भारतीयांची वस्ती या मळ्यांवर होती. त्यांच्या घामावरच ती साखर आणि ती रम उभी राहिली. सुनील गावस्करांनी कसोटीतलं पहिलं शतक 1971 मध्ये जॉर्जटाऊनलाच काढलं आणि मुलाचं नाव कन्हायवरून रोहन ठेवलं. बाटलीच्या मागच्या लेबलावर 'पोर्ट मोरांट' वाचलं की मला नेहमी आधी हे आठवतं आणि मग रम.

हुंगणं: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

ग्लास लहान तोंडाचा हवा. खाली फुगीर आणि वर निमुळता असा व्हिस्की चाखायचा ग्लास असेल तर उत्तम, नसेल तर छोटा वाइन ग्लास चालतो. उभ्या भिंतींच्या जाड ग्लासात वास पसरून जातो, तो ग्लास बर्फाच्या ड्रिंकसाठी राखून ठेवा. 25 ते 30 मिली ओता, जास्त नको. बर्फ अजिबात नको, कारण थंडीने वास बसतो आणि आपण त्याच्याच मागे आहोत. उलट मुंबई-पुण्यात एप्रिल-मे महिन्यात खोली बत्तीस अंशांवर असते तेव्हा अल्कोहोल भसकन नाकात जातं. अशा वेळी बाटली पंधरा मिनिटं फ्रिजच्या दारात ठेवून मग ओता.

ओतल्यावर दहा मिनिटं हात लावू नका. ही वाट पाहणं बहुतेकांना जड जातं, पण बाटलीतून नुकत्याच निघालेल्या रममध्ये वरचा तिखट अल्कोहोलचा थर आधी उडून जाऊ द्यावा लागतो. ग्लास गरगरा फिरवायचीही गरज नाही. वाइनला ते मानवतं. चाळीस टक्क्यांच्या वर गेलं की फिरवल्याने अल्कोहोलच जास्त उठतं.

आता ग्लास हनुवटीपाशी धरा, नाकाखाली नव्हे. ओठ किंचित उघडे ठेवा आणि साधा श्वास घ्या. या अंतरावर पहिल्यांदा येतो तो गोड वास: जळका गूळ, काळ्या मनुका, खारीक, भाजलेलं केळं. इथे समाधान मानून बरेच जण घोट घेऊन टाकतात. तुम्ही थांबा. ग्लास ओठांपर्यंत आणा आणि पुन्हा हुंगा. आता मसाला येतो: जायफळ, दालचिनी, संत्र्याची वाळलेली साल. तिसऱ्यांदा नाक ग्लासच्या वरच्या कडेपाशी न्या, खालच्या नको. गोड वास मागे पडलेला असतो आणि लाकूड पुढे येतं. एनमोरचा अंश जास्त असलेल्या रममध्ये नुकत्याच टोक केलेल्या पेन्सिलीचा भुसा येतो, अगदी स्पष्ट. पोर्ट मोरांटचा अंश असेल तर बडीशेप आणि ज्येष्ठमध, आणि त्यांच्या मागे ओल्या मातीसारखं काहीतरी. व्हर्सायची छटा ओळखणं मला अजूनही अवघड जातं. ती जास्त रुक्ष असते, चामडं आणि उकळलेल्या चहापत्तीकडे झुकणारी.

मळी शोधायची असेल तर डिस्टिलरीतली एक जुनी रीत आहे. दोन थेंब तळहातावर टाका, तळवे जोरात चोळा, अल्कोहोल उडू द्या आणि मग हुंगा. अल्कोहोल गेल्यावर जड वास तेवढे हातावर राहतात: मळी, लाकूड, धूर. यातून दुसरीही एक गोष्ट कळते. हात वाळल्यावर चिकट लागले तर त्या रममध्ये साखर घातलेली आहे.

बाबा लीड्सला आले होते तेव्हा त्यांच्यासमोर मी एल डोराडो 12 ची बाटली ठेवली. आयुष्य डिस्टिलरीत गेलं तरी ते पीत नाहीत. त्यांनी तळहातावर दोन थेंब घेतले, चोळले, डोळे मिटून हुंगलं आणि म्हणाले, "मळी चांगली आहे गं. पण हे पिंपाचं लाकूड नव्हे, आधीचं आहे. भट्टीतच लागलंय." मी म्हटलं, "बाबा, भट्टीच लाकडाची आहे." त्यावर त्यांनी हात परत नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग विचारलं, "गळत नाही का ती?" पुढचा तासभर आम्ही फळ्या, सांधे आणि वाफेचा दाब यांवरच बोलत होतो.

घोट

पहिला घोट अगदी लहान घ्या, चहाच्या चमच्याच्या निम्मा. तो तोंड तयार करण्यासाठी असतो, त्यावरून मत बनवू नका. दुसरा घोट जिभेवर चार-पाच सेकंद ठेवा, गिळा, मग तोंड मिटून नाकाने श्वास बाहेर सोडा. खरी चव या बाहेर जाणाऱ्या श्वासात असते. गोडी जिभेवर लागली तरी ज्येष्ठमध, लाकूड, मळी हे सगळं मागच्या वाटेने नाकात जातं तेव्हाच कळतं.

मग पाणी. 40-43 टक्क्यांच्या रमला पाच-सहा थेंब पुरे. ड्रॉपर नसेल तर चमच्याच्या टोकाने घाला. नेव्ही पद्धतीची 57 टक्क्यांची रम असेल तर 30 मिलीला साधारण 13 मिली पाणी घातलं की ती 40 टक्क्यांच्या आसपास येते. एकदम ओतू नका, दोन-तीन वेळा थोडं थोडं घाला आणि प्रत्येक वेळी हुंगा. काही रम पाण्याने उघडतात, त्यातली फळं पुढे येतात. काही मात्र ढासळतात, पातळ आणि नुसत्या गोड होतात. पाणी घातल्यावर जी रम उभी राहते ती चांगली, असं मी मानते.

चखणा आत्ता नको. चिवडा, शेव, मसाल्याचे शेंगदाणे यांतलं तिखट आणि मीठ जीभ बंद करतं. चाखून झाल्यावर बरोबर काही हवंच असेल तर बिया काढलेली खारीक किंवा सत्तर टक्क्यांचं कडू चॉकलेट घ्या. खारीक तर फार छान जाते.

आणखी एक. ग्लास लगेच धुऊ नका. रात्रभर तसाच ठेवा आणि सकाळी कोरड्या ग्लासात नाक घाला. अल्कोहोल गेलेलं असतं आणि तळाशी जे राहिलं ते शुद्ध वास असतात. साध्या रंगवलेल्या रमचा ग्लास सकाळी नुसता व्हॅनिला आणि कॅरमेल सांगतो. लाकडी भट्टीच्या रमचा ग्लास सकाळीही पेन्सिल आणि ज्येष्ठमधच सांगतो. दोन बाटल्यांत निवड करायची असेल तर मी रात्रीपेक्षा सकाळच्या ग्लासवर जास्त विश्वास ठेवते.

घरी तुलना करायची तर शेजारी ओल्ड मंक ठेवा. आपल्या बहुतेकांची जीभ तिच्यावरच घडलेली आहे. 42.8 टक्क्यांची ती रम व्हॅनिला आणि कॅरमेल पुढे करते, मऊ असते, आणि तिची जागा माझ्या मनात पक्की आहे. पण दोन्ही ग्लास डोळे मिटून हुंगले की डेमेराराचं लाकूड आणि कडवटपणा लगेच वेगळा कळतो. एकटी चाखताना जे सापडत नाही ते शेजारी दुसरी ठेवली की सापडतं.

साखरेबद्दल

हा विषय टाळता येत नाही. एल डोराडोच्या जुन्या बाटल्या लोकांनी हायड्रोमीटरने, म्हणजे द्रवात तरंगून त्याची घनता सांगणाऱ्या नळीने, मोजल्या तेव्हा त्यांत लिटरला तीस ग्रॅमच्या आसपास साखर निघाली होती. युरोपीय संघाने मे 2021 पासून रममधल्या साखरेला लिटरला 20 ग्रॅमची मर्यादा घातली. 'डेमेरारा रम' या नावालाही युरोपात 2021 मध्येच भौगोलिक संरक्षण मिळालं.

मोजायचं कसं? अल्कोहोलचा हायड्रोमीटर आणि उंच नळकांडं लागतं. रम 20 अंश सेल्सिअसला आणा आणि मापन घ्या. लेबलवर 40 टक्के असेल आणि हायड्रोमीटरही 40 किंवा त्याच्या अगदी जवळ दाखवत असेल तर रममध्ये साखर घातलेली नाही. साखरेने द्रव जड होतो, म्हणून आकडा खाली पडतो. साधारण एका टक्क्याच्या फरकामागे लिटरला चार ग्रॅम साखर धरा. आकडा 35 आला तर वीसेक ग्रॅम. पिंपातून आणि कॅरमेलमधून उतरलेल्या पदार्थांनीही थोडा फरक पडतो, त्यामुळे अर्ध्या-एक टक्क्यावर हुज्जत घालू नका.

साखर घातलेली रम वाईट, असं माझं म्हणणं नाही. नुसती प्यायला ती सुखाची असते आणि नवख्याला आत घेते. पण कॉकटेल करताना आकडा माहीत असावा, कारण मग पाक त्या हिशेबाने कमी करायचा असतो.

कुठली बाटली कशासाठी

घोट घोट प्यायला सुरुवात एल डोराडो 12 पासून करा. गोडी आहे, पण तिच्या मागे पेन्सिलचा भुसा आणि मनुका स्पष्ट आहेत. 15 वर्षांची, 43 टक्क्यांची, माझी सगळ्यात आवडती. तिच्यात तिन्ही लाकडी भट्ट्यांचे अंश आहेत आणि श्वास सोडताना ते एकामागोमाग येतात. लेबलवरचं वय त्यातल्या सगळ्यात तरुण रमचं असतं. आणि ही वर्षं गयानाच्या उष्णतेतली आहेत, जिथे पिंपातली रम स्कॉटलंडपेक्षा कितीतरी वेगाने उडून जाते. म्हणून बारा-पंधरा हा आकडा व्हिस्कीच्या फुटपट्टीने मोजू नका. 21 वर्षांची सुंदर आहे, पण किंमत बघता मी तीच रक्कम 15 च्या दोन बाटल्यांवर खर्च करेन.

लिंबाबरोबर वापरायला तरुण आणि रांगडी रम बरी. एल डोराडो 8, ब्रिटनमध्ये वुड्स 100, अमेरिकेत हॅमिल्टन 86 (100 आणि 86 ही वयं नव्हेत, ताकदीचे आकडे आहेत). वुड्स 57 टक्क्यांची आहे आणि तिच्यात मळी इतकी ठळक आहे की बर्फ, लिंबू, अननस काहीही घाला, ती हरवत नाही. ब्रिटिश नौदलाच्या रममध्ये गयानाचा वाटा मोठा असे; खलाशांना रोजची रम देणं 31 जुलै 1970 ला बंद झालं, पण ती चव या बाटल्यांनी धरून ठेवली आहे. 15 वर्षांची रम लिंबात घालू नका. आंबटपणाखाली लाकूड झाकलं जातं आणि पैसे वाया जातात.

भारतात परतताना दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येतं, तेव्हा एक बाटली 12 किंवा 15 ची आणि एक वुड्सची अशी जोडी आणा. आणि महाराष्ट्रात अशा मद्याला वयाची अट 25 आहे, परवानाही लागतो, हे घरच्या पाहुण्यांनाही लागू आहे.

पाक आणि लिंबू

डेमेरारा साखरेचा पाक वापरावा असं सगळीकडे सांगतात. मी कोल्हापुरी गुळाचा करते. 100 ग्रॅम गूळ किसून 100 मिली पाण्यात मंद आचेवर विरघळवायचा, उकळायचा नाही, आणि सुती कपड्याने गाळायचा. गूळ गडद तपकिरी घ्या. पिवळाधमक गूळ बहुधा हायड्रोस हे गंधकयुक्त रसायन घालून स्वच्छ केलेला असतो, त्याच्या गंधकाने रमचा वास बिघडतो. गुळात मुळातच थोडा खारटपणा असतो आणि तो ज्येष्ठमधाच्या चवीला फार चांगला उठाव देतो. फ्रिजमध्ये हा पाक आठवडाभर टिकतो.

लिंबू कागदी. कॅरिबियनमध्ये जे छोटं आंबट लिंबू वापरतात त्याच्या ते अगदी जवळचं आहे. रस ऐनवेळी काढायचा.

सगळ्यात आधी डायकिरी करून बघा, कारण तिच्यात लपायला जागा नसते. 60 मिली रम, 25 मिली लिंबाचा रस, 15 मिली पाक. रममध्ये साखर असेल तर पाक 10 मिलीच. भरपूर बर्फ घालून दहा-बारा सेकंद जोरात हलवा आणि गाळा. वुड्ससारखी जहाल रम असेल तर 45 मिलीच घ्या, 20 मिली रस पुरतो. पहिल्या घोटाला लिंबू, शेवटाला मळी, असं झालं की जमलं.

नुसत्या रमच्या जवळ राहायचं असेल तर ओल्ड फॅशन्ड. एल डोराडो 8 किंवा 12, 60 मिली. गुळाचा पाक 5 मिली, त्याहून थेंबभरही जास्त नको. अँगोस्टुरा बिटर्सचे दोन शिंतोडे. एकच मोठा बर्फ, चमच्याने वीसेक वेढे, वर संत्र्याची साल पिळून. साल पिळताना तिचं तेल पृष्ठभागावर पडलं पाहिजे; साल आत टाकली नाही तरी चालते.

जंगल बर्ड हे 1970 च्या दशकात क्वालालंपूरच्या हिल्टनमध्ये जन्मलेलं ड्रिंक. गडद रम 45 मिली, कांपारी (लाल, कडवट इटालियन मद्य) 20, अननसाचा रस 45, लिंबू 15, पाक 10. कांपारीचा कडवटपणा आणि डेमेराराचा कडवटपणा एकमेकांना धरून राहतात. अननस ताजा हवा. डब्यातल्या रसाने सगळं गुळमट होतं.

ज्यांना काहीच मोजायचं नाही त्यांनी एल डोराडो 8 आणि शहाळ्याचं पाणी, एकास तीन, वर लिंबाची फोड. कॅरिबियनमध्ये ही जुनी जोडी आहे, आणि कोकणात तर शहाळं हाताशीच असतं. शहाळ्यातली किंचित खारट चव इथेही गुळासारखंच काम करते.

शेवटी 151 नावाची जहाल रम. हा अमेरिकन प्रूफचा, म्हणजे टक्क्यांच्या दुप्पट सांगायच्या ताकदीचा आकडा; टक्क्यांत 75.5. लेमन हार्ट आणि हॅमिल्टन यांच्या या ताकदीच्या डेमेरारा रम मिळतात. अमेरिकन बारमालक डॉन बीच यांनी 1934 मध्ये बसवलेल्या झोंबी या कॉकटेलमध्ये ती असते, आणि त्यांच्याकडे गिऱ्हाइकाला त्याचे दोनच ग्लास मिळत. मी तिचा उपयोग मसाल्यासारखा करते: 30 मिली एल डोराडो 8, 15 मिली 151, लिंबू 15, पाक 15, अँगोस्टुराचा एक शिंतोडा, बडीशेपेच्या मद्याचे दोन थेंब. बारीक कुटलेल्या बर्फावर ओतून, ग्लासला बाहेरून दव सुटेपर्यंत लांब चमचा दोन्ही तळव्यांत रवीसारखा घुसळायचा. वर जायफळ किसायचं. हा ग्लास माणशी एकच द्यायचा, बरोबर साध्या पाण्याचा तांब्या ठेवायचा, आणि गाडी कोण चालवणार ते आधी ठरवायचं. 151 पेटवून दाखवायचा खेळ घरात करू नये. बाटली उघडी असताना जवळ ज्योत आली तर ज्वाला थेट बाटलीत शिरते.

उरलेली बाटली उभी ठेवा, आडवी नको, बूच खराब होतं. एक-तृतीयांशाखाली आली की लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवा. हवेने आधी बडीशेप जाते, ज्येष्ठमध त्यानंतर.